घर विकणे आहे, घोरपडीविना

“दार सोडलंस तर याद राख!” आईनं मामाला दम भरला.

मामा न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभा होता. आत तीन हात लांब घोरपड बादल्या लाथाडत होती. रोज ऊन चढलं की ती मागच्या तळ्यातून यायची आणि पायरीवर तासभर पसरायची, जणू भाडं भरते! आज गिऱ्हाईक यायचं म्हणून दोघं हुसकायला गेले, तर बाईसाहेब तळ्याकडे पळायचं सोडून थेट न्हाणीघरात.

आधीची तीन गिऱ्हाइकं तिनंच पळवली होती. बाबा दूरच्या गावी नोकरीला, आई इथं पोरांपाशी. घर विकलं जाईना, म्हणून तीन वर्षं दोन गावांत दोन चुली. आईच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

“ताई, ती शेपटीनं दार बडवतेय गं!”

“मग तू पाठीनं दाब! एवढा खातोस कशाला?”

तेवढ्यात चौथं गिऱ्हाईक आलं. चष्मेवाली बाई. खोल्यांकडे ढुंकूनही न पाहता ती थेट मागच्या दारी गेली आणि पायरीवर तळवा टेकवून बसली.

“इथं ऊन किती वेळ असतं?”

“भरपूर! कपडे तासाभरात कडक वाळतात.”

“आणि भिंतीतलं हे भोक?”

“उद्याच बुजवून देते!”

बाईच्या कपाळावर आठी पडली. मग तिला कोपऱ्यातलं वारूळ दिसलं.

‘झालं! आता वाळवीचा विषय काढणार,’ आईनं मनात कपाळ बडवलं. “ते ना, आजच पाडायचंय!”

बाईचा चेहरा आणखीच पडला. इतक्यात शेजारच्या न्हाणीघरात धाडकन काहीतरी आदळलं.

“आत प्लंबर आहे,” मामा घाम पुसत म्हणाला. “जरा तापट आहे.”

बाई आईकडे वळली. “खरं सांगा हं. इथं घोरपड येते ना?”

“घोरपड?” आईनं गळ्याला चिमटा घेतला. “पोरांची शपथ! घर बांधल्यापासून शेपटीचं टोकसुद्धा पाहिलं नाही.”

बाईनं सुस्कारा टाकला आणि पर्स खांद्याला अडकवली.

“मग राहू द्या. माझा सगळा अभ्यास घोरपडींवर. तुमच्या पायरीवर रोज येते असं ऐकलं, म्हणून तर हेच घर घ्यायचं ठरवून आले होते.”