मागच्या सीटवर

जुन्या गाड्यांचं वेड मला आणि माझ्या मेव्हण्याला सारखंच. धूळ खात पडलेली गाडी ऑनलाइन दिसली, की आम्ही निघालोच. ही तर भंगाराच्या भावात होती. मालकानं गॅरेजचं शटर वर केलं आणि मेव्हणा दचकला. मागच्या सीटवर एक म्हातारी ताठ बसली होती. "आई आहे," मालक ओशाळून म्हणाला. "बाबांना दवाखान्यात नेताना माझ्या हातून गाडी वाटेतच बंद पडली. ते तिच्या मांडीवरच गेले. तेव्हापासून रोज दुपारी इथे येऊन बसते. म्हणूनच विकायला काढलीय." तिचा हात मांडीवर हलकेच फिरत होता, कुणाचे तरी केस सारखे करावेत तसा. मला राहवेना. मी पुढच्या सीटवर बसून स्टिअरिंग धरलं. "काकू, निघू या?" तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नीघ. पण सावकाश चालव, बाळा. आता घाई नाही राहिली."