सगळ्यात मोठा दिवस

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणून धाकटी पहाटेच एकटी डोंगरावर गेली होती. उगवत्या सूर्यासमोर एकशे आठ सूर्यनमस्कार घालून ती नाश्त्याला परतणार होती. संध्याकाळ झाली तरी तिचा पत्ता नव्हता, फोनही लागत नव्हता. शोधपथकाबरोबर हाका मारून ताईचा घसा बसला होता.

"उजेड आहे तोवर शोधू," पथकप्रमुख म्हणाले. "अंधारात या कड्यावरून माणसं उतरवता येणार नाहीत."

सूर्य अगदी क्षितिजाला टेकला, तेवढ्यात खालच्या घळीतून बारीक ओ आली. ताई घसरत, खरचटत खाली पोचली. धाकटी धडधाकट होती. एका अनोळखी म्हाताऱ्याच्या मांडीला टॉवेल गुंडाळून ती दोन्ही हातांनी जखम दाबून बसली होती.

"अगं, वर येऊन कोणाला तरी सांगायचं नाही का? इकडे आमचा जीव टांगणीला लागला होता!"

"हात सैल केला की रक्त यायचं, ताई. कशी सोडून येऊ?"

मग ती हळूच म्हणाली,



"मला शोधायला तू येणार, हे ठाऊक होतं. यांना शोधायला कोणीच येणार नव्हतं."