सहावा गडी

"लंबू नको," नोला म्हणाली. "तो एकटा ताडासारखा वर, बाकीचे खाली. सगळंच कलतं."

"अंगात ताकद त्याच्याइतकी कुणाच्या नाही," क्लेम म्हणाला.

"ताकद बैलालाही असते. म्हणून बैल घेऊ?"

क्लेम गालातल्या गालात हसला आणि त्यानं थर्मासातला चहा ओतला. तो नोलाचा धाकटा दीर. एके काळी वाराबिन गावाच्या संघाचा सगळ्यात उंच उडी मारणारा गडी. आता कंबर गेलेली. दोघं गाडीतच बसली होती. गाडीचं नाक मैदानाच्या कुंपणाला टेकलेलं. पलीकडे पोरं लंबगोल चेंडू घेऊन धावत होती. रुळांमागच्या गव्हाच्या कोठारांवर शेवटचं ऊन होतं आणि मैदानातले दिवे नुकतेच लागले होते.

दर गुरुवारी नोला पॅस्को याच जागी गाडी लावायची. पोरं मैदानात घाम गाळायची आणि ती काचेआडून त्यांची सालं काढायची. संघाच्या जर्सी तीच धुवायची. त्यामुळे कोण खरा चिखलात लोळतो आणि कोण नुसतं पडल्याचं सोंग करतो, हे तिला धुण्यावरूनच कळायचं. आज एकच जर्सी तिच्या मांडीवर होती, इस्त्री केलेली, एकोणीस नंबरची. कॉलरवरचा गवताचा डाग काही निघाला नव्हता. ती अंगठ्यानं तो चोळत होती.

सराव संपला की प्रशिक्षक बर्न खिडकीशी येणार होता. त्याला शनिवारसाठी सहा नावं हवी होती. पाच ठरली होती. शिहानांचे जुळे, उंचीला आणि चालीला सारखे. कप्तान जेड. खाटकाचा टायसन, हातात आलेलं कधी न सोडणारा. आणि मन्रो, त्याचा गुडघा दुखरा, पण पठ्ठ्या चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही.

"मन्रोच्या जोडीला उंचीनं एकच बसतो," क्लेम म्हणाला. "डार्सी."

नोलाचा अंगठा थांबला. "त्याचं नाव काढू नकोस."

"मी नाही काढलं तर बर्न काढेल."

"खेळ बघ की त्याचा! गेल्या शनिवारपासून नुसती माती खातोय."

ते मात्र खरं होतं. डार्सी हॅलम, वीस वर्षांचा, आठवड्यापूर्वीपर्यंत, या खेळात चालतं तसं, इतर गड्यांच्या खांद्यावर गुडघा रोवून आभाळातून चेंडू ओढून आणायचा. आता चेंडू अंगावर आला तरी त्याचे पाय जमीन सोडत नव्हते. आत्ताही चेंडू त्याच्या छातीवर आदळून घरंगळत गेला. एरवी पोरांनी त्याची पिसं काढली असती. आज कुणी हूं की चूं केलं नाही.

"आधी तोंड उघडत नव्हतं, आता हात उघडत नाहीत," नोला म्हणाली. "लॅकी आणि हा, दोघं माझ्या अंगणात वाढले. लॅकी माझा नातू, तसाच हा, म्हणून एकाच ताटलीत जेवायला वाढलं मी त्यांना. तेव्हापासून सांगत आले. उडी मारायची तर आधी 'माझा' म्हणून ओरड. आपलाच माणूस मागून धावत येत असतो, त्याला कळू दे. शंभरदा सांगितलं."

"खेळाच्या भरात राहून जातं, नोला."

"भरात! एवढुसा शब्द. त्याला श्वास लागतो तरी किती?"

क्लेमनं कप खाली ठेवला. "त्याची आई काल भेटली. पोरगं जेवत नाही म्हणे. पर्थकडे खाणीत काम मिळतंय, रविवारी निघतो. परत यायचा नाही तो."

"जाऊ दे."

"तू शनिवारी त्याला बाहेर ठेवलंस ना, की हे गाव त्याला जन्मभर बाहेर ठेवील. तुझ्या शब्दाला इथे काय वजन आहे, ते तुला मी सांगायला नको."

"तेवढंच उरलंय माझ्याकडे," नोला म्हणाली. "तेही वाटून टाकू?"

क्लेमनं थर्मासचं झाकण लावलं.

बर्ननं शिट्टी फुंकली. शेवटचा खेळ. चेंडू उंच मारायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी त्यावर धावायचं. एकीकडून जेड निघाला. दुसरीकडून डार्सी. नोलानं काच खाली केली. गार वारा आत आला.

चेंडू दिव्यांच्या वर जाऊन दिसेनासा झाला.

"माझा!"

गळा फाटावा तशी हाक होती. सगळं मैदान जागच्या जागी थांबलं. जेड बाजूला सरला. डार्सी उडाला, दोन्ही हातांनी चेंडू धरला, खाली आला, आणि चेंडू पोटाशी कवटाळून गुडघ्यांवर बसला तो उठेचना. जेडनं जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ऐकलंस?" क्लेमनं विचारलं.

"बहिरी नाही मी." नोलाचा अंगठा पुन्हा डागावर फिरू लागला. "आता ओरडतोय, मेला."

बर्न कुंपणावरून टांग टाकून आला. खिडकीशी येताच त्यानं टोपी काढली. "आजी, घाई नाही. उद्या सांगितलंत तरी चालेल."

"मला उद्या इतर कामं आहेत. ऐक. पुढे जुळे. मधे जेड आणि टायसन. मागे डावीकडे मन्रो."

"आणि मागे उजवीकडे?"

नोलानं मांडीवरच्या जर्सीची नीट घडी घातली आणि ती खिडकीतून त्याच्या हातात दिली.

"ही शवपेटीवर अंथरा, नंबर वर दिसू दे. आणि मागे उजवीकडे डार्सीला खांदा द्यायला सांग. म्हणावं, लॅकीचं डोकं त्याच टोकाला असेल, या खेपेला तरी त्याच्या मानेला धक्का लावू नकोस."