बिनविरोध

"मावशी, अजून एक कॉफी सांगू?" उंगातने विचारलं आणि खुर्ची इतकी पुढे ओढली, की सेनियाला उठायचं झालं तर आधी त्याला उठवावं लागलं असतं.

"सांग की! जावयाच्या खिशाला खार लावायची संधी रोज थोडीच मिळते?"

म्हातारी आरामात रेलून बसली होती. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. उंगातची नजर त्या पिशवीवरून हलत नव्हती.

रस्त्यापलीकडच्या सभागृहात संसदेच्या निवडणुकीचे अर्ज घेत होते. नऊ ते दहा, तेवढाच वेळ. दहानंतर देव जरी आला तरी दार उघडत नाही. 'दातूक' हा सरकारी किताब मिरवणाऱ्या एम्पालिंगचा अर्ज नऊच्या ठोक्यालाच आत गेला होता. दुसऱ्या कुणाचा गेला नाही, की दातूक बिनविरोध खासदार. मग मतदान नाही, प्रचार नाही आणि उन्हातान्हात होडीने नदी चढून वरच्या वस्त्यांचं तोंड बघणंही नाही.

तो दुसरा अर्ज अडवायचं काम उंगातकडे होतं. तो दातूकचा उजवा हात.

सेनियाचा निवडणुकांचा इतिहास सगळ्या मतदारसंघाला तोंडपाठ होता. पाच वेळा उभी राहिली, पाच वेळा पडली आणि पाचही वेळा अनामत जप्त. बाजारातली पोरं 'खासदारीणबाई' म्हणून चिडवायची, तर ही वळून त्यांच्या आयांकडे मतं मागायची.

उंगात तिच्या सख्ख्या भाचीचा, लमितचा नवरा. म्हणून तर दातूकने त्यालाच इथे बसवलं होतं. अंगाला हात लावायचा नाही, गोड बोलून तास काढायचा.

"तुमचा सूचक यायचा नाही, मावशी," तो म्हणाला. "मुखियाला आम्ही कुचिंगला नेलंय. चांगल्या हॉटेलात ठेवलंय. अनुमोदकही त्याच्याच बरोबर."

"बरं केलंत. बिचाऱ्याने जन्मात कधी गादीवर पाठ टेकली नव्हती."

"अहो, सही करणारंच कुणी नाही, मग हा हट्ट कसला?"

"सही करणारं कुणी नाही, तर तू माझी राखण करत कशाला बसलायस? जा की घरी!"

उंगात हसला, पण उठला नाही. या बाईचा नेम नव्हता. मागच्या खेपेला तिच्या होडीचं इंजिन बंद पाडलं, तर ती वल्ही मारत आली होती आणि दार लागता लागता ओल्या कपड्यांनिशी आत घुसली होती.

"शर्टाला इस्त्री नाही तुझ्या," सेनिया म्हणाली. "भाची कुठाय माझी?"

"लमित? परवाच माहेरी गेली. आईची कबर साफ करायचीय म्हणाली. नेमकं आत्ताच काय सुचलं, कुणास ठाऊक."

"सुचलं ते बरं झालं. कधीचं राहून गेलेलं काम होतं ते."

उंगातचा फोन वाजला. सभागृहाच्या फाटकावर त्याने उभा केलेला माणूस बोलत होता. "निर्धास्त राहा, साहेब. आपल्या घरच्या माणसांशिवाय चिटपाखरू आत सोडलेलं नाही."

"शाब्बास," उंगात म्हणाला. त्याने नूडल्सची वाटी पुढे ओढली. आता कुठे त्याला भूक लागली होती.

"मावशी, राग मानू नका, पण पाच वेळा हसं करून घेतलंत. अजून हौस फिटली नाही?"

"हौस?" सेनियाने कप खाली आपटला. "मेल्या, हरायची हौस असते का कुणाला? मी उभी राहिले, की तुझ्या दातूकला झक मारत आमच्या नदीवर यावं लागतं. आमच्या ओसरीवर मांडी घालून बसावं लागतं, बायकांच्या शिव्या खाव्या लागतात. दवाखान्याची होडी सुरू होते. एकदाच मी तापाने अंथरूण धरलं आणि हा गडी बिनविरोध आला. त्या पाच वर्षांत होडी एकदा तरी वर आली? माझी बहीण, तुझी सासू, दवाखान्याच्या वाटेवर नदीतच गेली, लमितच्या मांडीवर. कुठे होतास तेव्हा तू?"

उंगातने वाटीत मान घातली. तेव्हा तो दातूकच्या मिरवणुकीत होता. त्यानंतर लमितने घरात दातूकचं नाव कधी काढलं नव्हतं. ती विसरली, असं तो धरून चालला होता.

दहा वाजत आले आणि सेनिया एकदम पुढे झुकली. आजूबाजूच्या टेबलांवरची उंगातची पोरं ताडकन उभी राहिली.

"साखर घेतेय रे," ती म्हणाली. "बसा, बसा. गुडघे चांगले आहेत तुमचे."

पलीकडे घंटा झाली. सभागृहाचं दार लागलं. उंगातने घाम पुसला आणि खुर्ची मागे सरकवली.

"माफ करा, मावशी. आता तरी ती पिशवी खाली ठेवा."

सेनियाने पिशवी उघडली. आतून पानाचा डबा काढला, एक पान घेतलं आणि सावकाश चुना लावू लागली. उंगातने पिशवी उलटी करून झटकली. आत दुसरं काहीच नव्हतं.

"अर्ज कुठाय?"

"कसला अर्ज? मी कुठे उभी राहतेय यंदा! सूचक म्हणून एक सही केली, तेवढीच. ती कालच दिली."

सभागृहावरचा भोंगा खरखरला. अर्ज वैध ठरलेले उमेदवार दोन.

उंगात धडपडत उठला, तशी खुर्ची मागे कलंडली. सेनियाने सुपारी घालून पान दुमडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"घ्या, जावईबापू. आणि खाली बसा. उभ्याने झेपायचं नाही तुम्हाला."

"पहिले उमेदवार, दातूक एम्पालिंग," भोंगा सांगत होता. "दुसऱ्या उमेदवार, लमित अनाक जंतान."