चौथं गाणं

"वाऱ्या... थांब," बाबा म्हणाले.

आईनं लगबगीनं पंखा बंद केला. बाबांनी डावा हात गादीवर आपटला. तिनं पंखा पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा हात आपटला.

"अहो, हवाय की नकोय? नीट काय ते सांगा तरी!" आई म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

लकव्यानं बाबांचं उजवं अंग गेलं, आणि त्याबरोबर बोलणंही. जन्मभर बसच्या दारात उभं राहून पुढच्या स्टॉपची नावं पुकारणारा कंडक्टर. आता त्याच्यापाशी हे दोनच शब्द उरले होते. "कंडक्टरला नेमकं 'थांब' तेवढं आठवलं," असं म्हणून मुलगी पहिल्या दिवशी हसली होती. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

त्यांचं बोलणं परत आणायला एक थेरपीवाली मॅडम घरी येत असे. आज ती म्हणाली, "बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी शाबूत राहतं. यांच्या आवडीचं एखादं गाणं आहे का?"

"आई!" मुलगी एकदम ओरडली. "पंखा नाही गं! गाणंच मागतायत ते!"

मोबाइलवर 'वाऱ्या, थांब' नावाची चार गाणी निघाली. पहिलं जुन्या सिनेमातलं, आईबाबांच्या लग्नाच्या वेळचं. आई किंचित लाजली. "हेच असणार," ती म्हणाली. बाबांनी मान हलवली. नाही. दुसरं संथ, रडवेलं. नाही. तिसरं अलीकडचं, नुसता धडधडाट. बाबांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं.

"एकाच नावाची चार-चार गाणी! मेल्यांना दुसरी नावं मिळेनात?" आई चिडून म्हणाली.

मुलीचं बोट चौथ्या गाण्यावर थांबलं. तिनं आईकडे पाहिलं.

"ते नको," आई म्हणाली.

"का? एकच तर राहिलंय, लावा ना," मॅडम म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत!

मुलीनं गाणं लावलं. सुरुवातीला एक लांब शिट्टी होती. बाबांनी खाडकन डोळे उघडले. आणि ते गाऊ लागले. वाकड्या ओठांतून, पण एकेक शब्द स्वच्छ, खणखणीत. मॅडमनं टाळ्याच वाजवल्या. "बघा! बघा! आता रोज हेच लावायचं, सकाळ-संध्याकाळ!"

आई भिंतीला टेकून उभी होती. बारक्याचं गाणं ते. सगळ्यांत धाकटा, शाळेत निघाला की बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचा. तो तापानं गेला, त्या दिवशी आईनं बजावलं होतं, हे गाणं पुन्हा माझ्या घरात वाजता कामा नये. बाबा "बरं" म्हणाले होते. त्यानंतर इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी ते गुणगुणलं नव्हतं.

आता ते गात होते. डोळे आईची माफी मागत होते, पण तोंड काही केल्या थांबत नव्हतं.

मुलीनं गाणं बंद करायला हात पुढे केला. आईनं तो धरला. "राहू दे."

पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं, आणि बाबा गप्प झाले. मान कलती करून, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखे.

"अहो, मध्येच का थांबलात? म्हणा ना पुढे," मॅडम म्हणाली.

"ते यांचं कडवं नाही," आई म्हणाली. "ते आमचा बारक्या म्हणायचा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. आई पलंगाशी आली, त्यांच्याजवळ बसली. तिनं तोंड उघडलं. कडव्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता, पण त्यातला एकही तिच्या तोंडून फुटेना.