पुसलेले टेक

“सुरेख! एकदम स्वच्छ,” रेकॉर्डिस्ट बटण दाबून माइकमध्ये म्हणाला, तशी काचेपलीकडच्या साठ वादकांनी वाद्यं खाली घेतली. “पंधरा मिनिटं सुट्टी. मग राक्षस बुडवू.”

कोणी हसलं नाही. एरवी असल्या पाचकळ विनोदालाही मागच्या रांगेतून एखादा ट्रॉम्बोन उत्तर द्यायचा.

मालिकेतला हा सहावा आणि शेवटचा सिनेमा. पाच सिनेमे डोंगराएवढा उंच, कुणालाच नको असलेला तो राक्षस गावोगाव हिंडला होता. आता तो समुद्रात उतरणार होता, आणि त्याची धून शेवटची वाजणार होती. संगीतकार मास्तरांनी याही सिनेमाचं संगीत लिहून संपवलं आणि दोन महिन्यांपूर्वी तेच गेले. आज लाकडी चौथऱ्यावर त्यांचा सहायक उभा होता, ओठ घट्ट मिटून, छडी मोजून मापून हलवत. म्हणून रेकॉर्डिंग स्वच्छ येत होतं. नको तितकं स्वच्छ.

ते बटण जुनं होतं. दाबलं की अडकायचं, नखानं उचकटावं लागायचं. रेकॉर्डिस्टनं हात पुढे केला आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं. मास्तरांची मुलगी आत आली.

“ये, ये गं. बस.” त्यानं लगबगीनं खुर्चीवरचे कागद उचलले.

ती बसली नाही. “काका, मला बाबांचं गुणगुणणं ऐकायचंय.”

त्यानं कागद टेबलावर ठेवले.

“शोकसभेत सगळे त्याचीच नक्कल करत होते. ट्रॉम्बोनवाले एक करतात, व्हायोलिनवाल्या बाई भलतंच काहीतरी. लोक हसत होते, मीही हसले. पण मी ते कधी ऐकलेलंच नाहीये. घरी बाबा नुसते लिहायचे. हूं नाही की चूं नाही. आम्हीसुद्धा पाय न वाजवता चालायचो.”

सोळा व्हायोलिनमधलं एक जरासं उतरलं तरी ज्यांना कळायचं, ते मास्तर स्वतः मात्र कुरकुरत्या दारासारखे गायचे. छडी उचलली की सुरूच. ते सगळं माइकमध्ये जायचं. टेक संपला की चौथऱ्यावरून हाक यायची, “झाडू, गायलो का रे मी?”

“गायलात.”

“काढून टाक.”

आणि रेकॉर्डिस्ट काढून टाकायचा. कान टवकारून बसायचा, दुसऱ्या टेकमधले स्वच्छ तुकडे आणून जोडायचा, आणि सिनेमा पुरा झाला की खराब टेक पुसायचा. अठरा वर्षं, पाच सिनेमे. त्यात मास्तरांचा कणभर आवाज कोणी शोधून दाखवावा, अशी त्याची पैज असायची. झाडू हे नाव त्याला त्यांनीच दिलं होतं, आणि ते त्यानं मानानं मिरवलं होतं.

“एकही टेक ठेवला नाही?” त्यानं हे सांगितल्यावर मुलगी म्हणाली.

“नाही.”

“एखादा राहिला असेल. चुकून.”

“माझ्याकडून राहत नाही गं.” हे वाक्य त्यानं आजवर शंभरदा ऐटीत म्हटलं होतं. आज ते त्यानं टेबलावरच्या कागदांकडे बघत म्हटलं.

तिनं मान हलवली, पर्स खांद्याला लावली. “असू दे काका. तुमचं कामच होतं ते.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“थांब,” तो म्हणाला. चष्मा काढून त्यानं टेबलावर ठेवला. “मला गाता येत नाही. पण ऐक.”

गाता येत नव्हतं हे खरंच. पण पुसायचं म्हणजे आधी ऐकायचं, एकेक टेक चाळीस चाळीस वेळा. त्या धुनेत मास्तर श्वास कुठं घ्यायचे, तिसरा सूर कुठं घसरायचा, सर्दी झाल्यासारखं नाक कुठं ओढायचे, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि राक्षसाची धून गुणगुणायला लागला. तिसरा सूर घसरला. नाक ओढलं गेलं. पुढे धून वर चढते तिथं मास्तरांचा आवाज पोचायचाच नाही, मग ते खालीच राहून नुसता पाय आपटायचे. त्यानं पाय आपटला.

“इतकं बेसूर?” मुलगी हसली.

“याहून. मी जरा बरा गातोय.”

तिनं तोंडावर हात घेतला. हसणं कधी संपलं आणि रडणं कधी सुरू झालं, ते तिचं तिलाही कळलं नसेल. “पुन्हा,” ती म्हणाली. “सगळं.”

त्यानं सगळं म्हटलं. अगदी शेवटापर्यंत, जिथं मास्तर वादकांच्या थोडे आधी थांबायचे, जणू शेवट त्यांना स्वतःला ऐकायचा असायचा. तो तिथंच थांबला. त्याचेही गाल ओले झाले होते.

डोळे उघडल्यावर त्याला आधी बटणाशेजारचा लाल दिवा दिसला. तो पेटलेला होता. बटण अडकलेलंच राहिलं होतं, सगळं वादकांच्या हॉलमध्ये ऐकू गेलं होतं.

काचेपलीकडे चहाला निघालेली माणसं दारातच थबकली होती. काही जण परत आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसले होते. सहायक चौथऱ्यावरून खाली उतरून बाजूला उभा होता. चौथरा रिकामा होता.

जिन्यात पावलं वाजली. चेलोवाले आजोबा दारात आले. वादकांमध्ये सर्वांत वयस्कर, पहिल्या सिनेमापासूनचे. सुट्टीच्या गलक्यात बोलणं त्यांच्या कानी पडलं नव्हतं, फक्त गुणगुणणं. धापा टाकत होते, हातातला गजही खाली ठेवायचं सुचलं नव्हतं. मुलीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

“लबाडा,” ते रेकॉर्डिस्टला म्हणाले, “सगळं पुसलं म्हणाला होतास ना? मग हा टेक कुठं सापडला?”