बुवांची जागा

सानिकाच्या पडद्यावर एकच लाल ठिपका उरला होता, आणि तो नेमका बुवांच्या छातीत होता.

रत्नागिरीच्या डिझाइन कोर्समध्ये आज मॉडेल तपासायचा दिवस. अख्खी इमारत संगणकात उभी करायची. कशात काय घुसतंय ते सॉफ्टवेअर लाल करून दाखवतं. सानिकाने खेडजवळच्या आपल्या गावच्या देवळाचा नवा सभामंडप घेतला होता. रविवारी गावच्या बैठकीत तोच दाखवायचा. नाही पटला तर ठेकेदाराचा पत्र्याचा हॉल ठरलेलाच.

"माणूस कशाला घातलास यात?" अनिल सरांनी विचारलं.

"कीर्तनाचे बुवा आहेत, सर. मधोमध, देवाकडे तोंड करून उभे राहतात."

"तिथे खांब आहे. उडव त्यांना, रिपोर्ट शून्य येईल."

"बुवा नव्हते तेव्हा शून्यच आला होता, सर. मग लवूकाकांना फोटो पाठवला."

लवूकाका तिचे चुलते. कीर्तनाला पेटीची साथ करतात. त्यांचा लगेच फोन आला होता. "झकास झालाय गो बाय. पण बुवा उभे कुठं ऱ्हायचे?"

तेव्हापासून तिचं डोकं चालेना. खांब काढला तर वरची तुळई जाड करावी लागे, आणि ती जुन्या गाभाऱ्याच्या कमानीत घुसे. बुवांना मागे सरकवलं तर सॉफ्टवेअर गप्प. पण देव आणि बुवा यांच्या मधे खांब. हे लाल का होत नाही, तेच तिला कळेना.

सरांनी माउसने बुवांना दोनदा मागे सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "चला, करूनच बघू."

खोलीच्या मधोमध स्टूल आलं, त्यावर नकाशे छापायच्या प्लॉटरच्या कागदाचा उभा खोका. तो खांब. त्याच्या मागे सानिका, म्हणजे बुवा. बाकीची पोरं दोन्हीकडे फरशीवर.

"रितेश, तू देव."

"मी? काय करू, सर?"

"काही नाही. नुसता उभा राहा."

रितेश प्रिंटरला पाठ लावून, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पोरं हसली.

"बुवा, जरा उजवीकडे या," श्रद्धा म्हणाली.

सानिका सरकली.

"आता आम्हाला बुवा दिसेनात!" पलीकडून तेजस्वी ओरडली.

सानिका डावीकडे आली, पुढे झाली, मागे गेली. कुठेच धड जमेना.

"सर," रितेश हळूच म्हणाला, "मला तर मघापासून खोकाच दिसतोय."

या वेळी कोणी हसलं नाही. श्रद्धा उठली. तिने खोक्यासकट स्टूल उचलून भिंतीला नेऊन ठेवलं. सानिका आणि रितेश समोरासमोर आले. सानिकाचे हात आपोआप जोडले गेले, आणि रितेशने कमरेवरचे हात काढले नाहीत.

"बरं," सर छताकडे बघत म्हणाले, "मग आता हे धरणार कोण?"

ते खरोखरच विचारत होते.

सानिकाने जागेवर येऊन बुवांना परत मधोमध उभं केलं. ठिपका लाल झाला. तिने तो तसाच ठेवला.

जेवणाची सुट्टी झाली. पोरं डबे घेऊन निघाली. मधली फरशी आता मोकळी होती. तरी जो तो तिला वळसा घालून दाराकडे गेला. सर्वांत शेवटी सर निघाले. तेही वळसा घालूनच.